एकखोलीचं पोट

गायीच्या पोटात चार खोल्या असतात.
मेश्राम ड्रेसरनं त्या आमच्या भिंतीवर
कोळशानं काढून दाखवल्या होत्या.
एकीत भरायचं, दुसरीत भिजवायचं,
निवांत बसून पुन्हा तोंडात आणायचं.
मग खाली एक वाकडी पिशवी काढली,
सुपारीच्या बटव्यासारखी.
"हे तुमचं डुक्कर. अन् हे तुमीही."
आई हसली.
"म्हंजे आमचं टिनाचं घर.
रांधा तिथंच, झोपा तिथंच, बिमार पडा तिथंच."

चित्र अजून आहे,
चुलीच्या धुरानं अर्धं खाल्लेलं.

त्या वैशाखात हिंगणघाट रोडच्या कार्यालयात
एका दिवशी तीन लग्नं लागली.
बाबांनी सायकलीला ड्रम बांधून पाच खेपा केल्या:
पुऱ्या, आंबलेला मसालेभात, बुंदी,
आणि वरून कुणीतरी उलटी केलेली
लोणच्याची अख्खी बरणी.
आई वरोऱ्याला, आत्याकडे.
मी ओतलं. सगळं.
मला वाटलं, आज यांचीही पंगत.

पहाटे भुरी उठेना.
पोट नगाऱ्यासारखं,
रिकामेच दात खात होती,
तोंडाला फेस, आणि तोंड नळाकडे.
पिलांच्या शेपट्या पिवळ्या, चिकटलेल्या.
शेजारचे गुणवंतकाका कुंपणावरून म्हणाले,
"डुकराले काय होते? ते तं सबन खाते."
हे वाक्य गावात इतकं पक्कं
की त्यावर पार बांधता आला असता.

आई पहिल्या यष्टीनं आली.
ओरडली नाही, ते जास्त लागलं.
ड्रमात बोट घातलं, जिभेला लावलं, थुंकली.
"खारं."
मी बादली भरून धावले तर हात धरला.
"एकदम नोको. घोट घोट दे.
मिठावर पानी भसकन पडलं
तं डोक्यात चढते तिच्या."

मेश्राम लुनावरून आले, सुई टोचली,
बाकी पोटालाच करू द्या म्हणाले.
आज काही नाही. उद्या पेज, पातळ.
त्या दिवशी आईही जेवली नाही.
उपास नव्हता. भूक नाई, एवढंच म्हणाली.

पिलांचं माझ्याकडे होतं.
उकळून निववलेलं पाणी, गूळ, चिमूट मीठ,
दर थोड्या वेळानं चमचाभर,
खालचं पोतं ओलं झालं की कोरडं.
नऊ होती. कानावर पांढरा ठिपका असलेलं
तिसऱ्या रात्री चमचा तोंडातच ठेवून थांबलं.
बाभळीमागे मी एकटीनंच खड्डा केला.
कोणी मदतीला आलं नाही,
मी बोलावलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी आईनं
काडीनं भुरीची विष्ठा उलटी-पालटी केली
आणि घरभर हाक मारली, "बांधून आली!"
बाबा दातांना राखुंडी तशीच ठेवून आले.
सोनाराच्या दुकानातही
मी त्यांना इतकं वाकून बघताना पाहिलं नाही.

आता जिनिंगजवळ सरकीची ढेप स्वस्त मिळते.
गावच्या म्हशी तिच्यावर दूध देतात,
आई डुकरांसाठी तिला हात लावत नाही.
कोंडा बदलायचा तर आठ दिवस लावते,
जुना मूठभर कमी, नवा मूठभर जास्त,
मोजताना ओठ हलतात तिचे.

आणि लग्नसराईत
कार्यालयाच्या मागच्या दारी बसून निवडते.
लोणचं आधी बाहेर, मग पापड.
उकळून आंबट मरते, म्हणते, मीठ मरत नाई.
लिंबाच्या फोडी, दात कोरायच्या काड्या,
प्लास्टिकचे चमचे, एकदा एक कर्णफूल,
ते तिनं आत नेऊन दिलं.

वाढप्या पोरगा हसतो.
"काकू, डुकरासाठीच नेता ना?
मंग निवडता कायले?"

"एकच खोली हाय, बापा," आई म्हणते.

त्याला काही कळत नाही.
मी ड्रमचा एक कान धरते,
दुसरा ती.